तळाची खापरी

मुळांचा गोळा कुंडीतून अलगद बाहेर आला आणि त्याच्या बुडाला चिकटलेला एक तुकडा मातीसकट वर्तमानपत्रावर पडला. खापरीच असणार, म्हणून मी तो हाताने बाजूला सारला. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवायची असते, हे लहानपणापासून बघितलेलं. पण सारताना त्याची कड बोटाला लागली, ती खापरीसारखी खरखरीत नव्हती. गुळगुळीत होती, पातळ होती. बाल्कनीतल्या नळाखाली धरल्यावर लाल माती वाहून गेली आणि पांढऱ्यावर एक निळी रेघ दिसली. रेघेखाली बारीक गुलाबी फुलांची वेल. दोन फुलं आणि अर्धं पान. फुलांवर बेगोनियाची केसासारखी मुळं जाळी विणल्यासारखी चिकटून बसली होती, ती पाण्याच्या धारेनेही सुटेनात. फेब्रुवारीतला रविवार होता, सकाळचे साडेसात. घरात सगळे झोपलेले. मी तो तुकडा हातात धरून कितीतरी वेळ उकिडवी बसून राहिले आणि तिकडे वर्तमानपत्रावर झाडाची मुळं उघडी पडून वाळत होती.

तो माझ्या लग्नातल्या सेटमधला कप होता. बाबांनी लक्ष्मी रोडवर चार दुकानं फिरून घेतलेला सहा कपांचा सेट. आठ वर्षांपूर्वी त्यातला एक कप नाहीसा झाला होता. तो कुणी फोडला हे मला माहीत आहे, असं मी आठ वर्षं धरून चालले होते.

सासूबाईंना मी आई म्हणते. हे बेगोनिया त्यांचे. साताऱ्याचं घर विकून त्या आमच्याकडे पुण्याला राहायला आल्या, तेव्हा गाडीत मांडीवर एक कुंडी आणि पायाशी तीन कुंड्या घेऊन बसल्या होत्या. खंबाटकीच्या वळणांवर मांडीवरची कुंडी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, तान्ह्या मुलाला धरावं तशी. दोन बेगोनिया उंच वाढणारे, बांबूसारखी पेरं असलेले. पानं वरून गडद हिरवी, त्यांवर चंदेरी ठिपके, आणि उलटून बघितलं तर खाली बीटाचा रंग. ह्यांची पहिली फांदी पाचगणीच्या एका बंगल्यातल्या माळ्याने त्यांना ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. तिसरा बारमाही फुलणारा, मेणचट गोल पानांचा, तो कुठेही मिळतो. चौथा बुटका, त्याचं जाड लवदार खोड मातीवर आडवं सरपटत जातं आणि त्यातून पानं वर येतात. चौघांची पानं एका बाबतीत सारखी. देठापासून मधली शीर धरून बघितलं तर एक बाजू मोठी, दुसरी लहान. बेगोनियाचं पान सहसा दोन्ही बाजूंनी सारखं नसतं. आई म्हणायच्या, कापड कमी पडलेल्या पोलक्यासारखं आहे बघ.

तीन वर्षांपूर्वी धाकट्या जावेला जुळी झाली आणि आई सहा महिन्यांसाठी म्हणून नाशिकला गेल्या. मग तिथेच राहिल्या. भांडण वगैरे काही झालं नाही. जाताना कुंड्या नेल्या नाहीत, तेव्हा मला बरं वाटलं होतं आणि थोडं वाईटही. बरं अशासाठी, की म्हणजे परत येणार. वाईट अशासाठी, की एवढ्या जिवापाड जपलेल्या कुंड्या त्या आता मांडीवर घेणार नव्हत्या.

दर वर्षाआड फेब्रुवारीत, थंडी ओसरली की आणि चटका सुरू व्हायच्या आत, त्या माती बदलायच्या. पावसाळ्यात कधी नाही. ओल्या हवेत दुखावलेलं मूळ बरं होत नाही, सडतं, असं त्यांचं म्हणणं होतं. हे काम त्या मी ऑफिसला गेल्यावर करायच्या. संध्याकाळी मी आले की बाथरूमच्या फरशीवर लाल ओघळ दिसायचे, माझी पिठाची चाळणी बाल्कनीत उन्हात पालथी घातलेली असायची, आणि मी काही न बोलता ती चाळणी तीन वेळा घासायचे. माझं न बोलणं त्यांना ऐकू येत असणार. पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच्या पैशांनी वेगळी चाळणी आणली.

त्या गेल्यावर तीन वर्षं मातीला कुणी हात लावला नाही. मी पाणी घालत राहिले एवढंच. यंदा जानेवारीत वरून घातलेलं पाणी थांबेचना, थेट भोकातून खालच्या थाळीत. दुपारी पानं मान टाकायची आणि संध्याकाळी सावरायची. भोकातून पांढरे धागे बाहेर डोकावायला लागले. कुंडीत माती कमी आणि मुळं जास्त झाली की असं होतं. पाणी धरून ठेवायला मातीच उरत नाही.

म्हणून त्या रविवारी बसले होते.

कपाची गोष्ट अशी. सहातला एक माझ्या हातूनच पहिल्या वर्षी फुटला, त्याचं काही नाही. पाच राहिले. एका सकाळी पाहुणे येणार म्हणून काढले तर चारच. सगळं कपाट उपसलं, कप नाही. तेव्हा आमच्याकडे ज्या मावशी कामाला यायच्या, त्या चार वर्षं येत होत्या. आम्ही गावाला गेलो की झाडांना पाणी त्याच घालायच्या. बेगोनियाला त्या ‘ठिपक्याचं’ म्हणायच्या, आणि त्याच्या पानांवर पाणी पडू द्यायचं नाही, मातीवरच घालायचं, हे आईंनी त्यांना एकदा सांगितलं ते त्यांनी कधी विसरू दिलं नाही. उलट एकदा मीच वरून झारी धरली तर मला म्हणाल्या, ताई, पानावर नको, भुरी येते. त्यांना मी विचारलं, मावशी, निळ्या रेघेचा एक कप दिसत नाही. त्या म्हणाल्या, मी नाही बघितला. एवढ्यावर थांबायला हवं होतं. दोन दिवसांनी मी पुन्हा विचारलं. ह्या वेळी आवाजात काहीतरी असणार, कारण भांडी घासता घासता त्यांनी हात थांबवले, नळ बंद केला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “ताई, मी नाही फोडला. फुटला असता तर सांगितलं असतं.”

आई तिथेच जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जाऊ दे ना. एका कपाचं काय एवढं.”

ते वाक्य मी उचलून मनात ठेवून दिलं. बाबा तेव्हा जाऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांनी घेतलेल्या वस्तूबद्दल ‘एका कपाचं काय’ म्हणणाऱ्या बाईबरोबर मी पुढची पाच वर्षं एका घरात राहिले. आदराने राहिले, आजारपणं काढली, सणवार केले, आणि ते वाक्य तसंच ठेवलं. उरलेले चार कप मी वरच्या फळीवर ठेवले. स्टुलावर चढून ठेवताना मावशी ओटा पुसत होत्या. त्यांनी बघितलं. दिवाळी झाल्यावर त्या काम सोडून गेल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. सोसायटीतली बाकीची दोन कामं त्यांनी सोडली नाहीत, हे मला महिन्याभराने कळलं.

तर आता तो तुकडा माझ्या हातात होता आणि मेथीची जुडी डोळ्यांसमोरून हलेना.

झाड तर लावायलाच हवं होतं. आठ इंची मातीची कुंडी रात्रभर बादलीत बुडवून ठेवली होती. कोरडी कुंडी घातलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकते. जुनी कुंडी सहा इंची. बेगोनियाची माती बदलताना सगळ्यांत जास्त चुका ह्या आकारात होतात. झाड उंच दिसतं, फांद्या तीन-तीन फूट गेलेल्या असतात, आणि आपल्याला वाटतं बिचाऱ्याला चांगली बारा इंची कुंडी देऊ, ऐसपैस राहू दे. पण ह्याची मुळं बारीक, उथळ, वरच्या वरच पसरणारी. जिथवर मूळ पोचत नाही तिथली माती पाणी पिऊन बसते आणि कुणी ते ओढून घेत नाही. ती ओल हळूहळू आतली मुळं कुजवते. म्हणून एकच माप मोठी. दोन्ही बाजूंना बोटभर जागा मिळाली की पुष्कळ. हे सगळं मी वाचून शिकले. आई ते बोटाने मोजायच्या. जुनी कुंडी नव्या कुंडीत ठेवायच्या, मधल्या फटीत तर्जनी घालायच्या, बसली की झालं.

मातीसाठी त्या लाल माती, दुप्पट पालापाचोळ्याचं खत, थोडी वाळू आणि मूठभर निंबोळी पेंड घेत. मी लाल माती जवळजवळ सोडूनच दिली आहे. नर्सरीतून येणाऱ्या रोपाला ती एवढी ठेचून भरलेली असते की उन्हाळ्यात तिची वीट होते. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, दोनदा धुऊन घेते, त्यात खार असतो तो जायला हवा. मग पानांचं खत, थोडं पर्लाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे. हातात घेऊन मूठ आवळली तर लाडू वळावा, आणि अंगठ्याने टोचलं तर लगेच फुटावा. निंबोळी पेंडीचा तो कडवट, तेलकट वास मात्र आईंच्या मिश्रणाला होता तोच माझ्याही हातांना दिवसभर राहिला. साबणाने जात नाही. जेवताना घासाबरोबर येतो.

खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवायचं, त्याहून खोल नाही. मग कडेने माती सोडायची आणि अंगठ्याने दाबायची नाही. कुंडी जमिनीवर दोनदा हलकी आपटली की माती आपोआप बसते. हे मी केलं, पण मन ठिकाणावर नव्हतं. आधाराची काठी रोवताना एक फांदी पेरापाशी कट् करून मोडली. बेगोनियाचं खोड इतकं पाणीदार असतं की मोडताना काकडीसारखा आवाज येतो आणि मोडल्या जागी थेंब उभे राहतात. ती फांदी पाण्याच्या पेल्यात ठेवली. आणि तुकडा? तळाच्या भोकावर मी एका फुटक्या पणतीची खापरी ठेवली. कपाचा तुकडा टॉवेलला पुसून कपड्यांच्या कपाटात साड्यांखाली ठेवला. का, ते मला सांगता येणार नाही. लपवला, एवढं खरं.

पुढच्या शनिवारी दुसरी उंच कुंडी काढली. तीही भरून आली होती, पण खरं सांगायचं तर मी झाडासाठी काढली नाही. आत काय आहे ते बघायचं होतं. तळाशी कपाचं बूड निघालं, अर्धं. खालचं गोल कडं जसंच्या तसं. तेही पालथंच ठेवलेलं, म्हणजे फुगीर बाजू वर. आई खापरी नेहमी पालथी ठेवत. उताणी ठेवली तर तिच्यातच पाणी साठतं.

तिसरी कुंडी, मेणचट पानांची, दुसऱ्या दिवशी काढली. तिला अजून वर्षभर काही लागणार नव्हतं. तिच्या तळाला कौलाचा तुकडा होता, मंगलोरी कौलाचा, एका बाजूला शेवाळाचा काळा डाग. तो साताऱ्याच्या घराचा असणार. ते घर पाडलं तेव्हा आई बघायला गेल्या नव्हत्या, निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

चौथ्या कुंडीला मी हात लावायला नको होता. सरपटणाऱ्या खोडाचा तो बुटका बेगोनिया पसरट उथळ कुंडीत सुखाने होता. खोड कुंडीच्या काठापर्यंतही पोचलं नव्हतं, पाणी नीट धरत होता, नुकते कळ्यांचे तुरे वर काढत होता. फुलावर आलेलं झाड हलवू नये, हे कोणीही सांगेल. मी ते रात्री साडेनऊला, बाल्कनीतल्या दिव्याखाली, ऑफिसच्या कपड्यांतच उपसलं. तळाला काही नव्हतं. नारळाच्या काथ्याचा एक पुंजका, बस. कपाचा कान कुठेच सापडला नाही. कान तसाही तळाला ठेवायच्या उपयोगाचा नाही. मग घाईत मी ते झाड हाताशी असलेल्या मोठ्या कुंडीत लावलं, सरपटतं खोड मातीवर मोकळं ठेवायचं ते अर्धं मातीखाली गेलं, आणि वर भरपूर पाणी ओतलं. अपराधी वाटलं की हात पाण्याकडे जातो.

बाराव्या दिवशी पानांचे देठ तळापासून मऊ पडले. खोड दाबलं तर उकडलेल्या रताळ्यासारखं लागलं. वास आला.

भांडी घासायचा स्पंज घ्या, पूर्ण भिजवा आणि आडवा धरा. थोड्या वेळाने टपकायचा थांबेल. आता तोच उभा करा. पुन्हा पाणी टपकायला लागेल. मी हे सिंकपाशी उभी राहून करून बघितलं आहे. मातीचंही तेच. मातीचा थर जेवढा उंच, तेवढं पाणी आपल्या वजनाने खाली उतरतं. तरीही सगळ्यांत खालचे दोन-तीन बोटं माती चिंबच राहते, कारण मातीचे बारीक कण पाण्याला धरून ठेवतात. लोक कुंडीच्या तळाला खडे, विटांचे तुकडे, खापऱ्या ह्यांचा जाड थर घालतात, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. होतं उलटं. बारीक माती संपून जिथे खडे सुरू होतात तिथे पाणी अडतं, ते सहजी पुढे उडी मारत नाही, आणि चिंब पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. आई थर कधी घालत नसत. एकच खापरी, भोकावर, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. त्यांनी स्पंजाचा प्रयोग केला नव्हता. तरी त्यांच्या हाताखाली तेवीस वर्षांत एकही बेगोनिया कुजला नाही आणि माझ्याकडे सगळं वाचलेलं असून एक कुजला.

ताम्हिणी घाटात श्रावणात गेलात तर रस्त्याच्या कडेच्या ओल्या कातळावर बघा. पाणी ठिबकत असतं, शेवाळ वाढलेलं असतं आणि त्या शेवाळाच्या चिमूटभर जाडीत रानबेगोनिया उभा असतो. वीतभर उंची, काचेसारखं लालसर खोड, फिकट गुलाबी फुलं. पाऊस संपला की झाड नाहीसं होतं आणि कातळाच्या फटीत मटाराएवढा कंद उरतो. तो आठ महिने पाण्याविना काढतो आणि जूनमध्ये पुन्हा फुटतो. आई पहिल्यांदा तिथे आल्या होत्या तेव्हा पावसात गाडीतून उतरून कातळाला हात लावून उभ्या राहिल्या. “किती कमी लागतं ह्याला,” म्हणाल्या. परतीच्या वाटेवर काहीच बोलल्या नाहीत. आमच्या घरात त्यांच्या वाट्याला किती आलं होतं, ते मी आता मोजते. एक खोली, ती मुलीच्या अभ्यासाच्या टेबलासकट. बाल्कनीचा निम्मा कठडा. देवघर. आणि स्वयंपाकघर माझं होतं. हे कुणी बोललं नव्हतं, पण डबे माझ्या पद्धतीने लावलेले होते आणि त्या विचारून तेल घेत.

साताऱ्याच्या घरात त्यांच्या हातून कप फुटला असता तर त्यांनी मोठ्याने सांगितलं असतं, फुटला गं बाई, आणि केरसुणी मागवली असती. इथे त्यांनी तो फुटल्याचा आवाज कसा दाबला असेल? मी ऑफिसात, मुलगी शाळेत. बोटांना बधिरपणा यायला बहुतेक तेव्हाच सुरुवात झाली होती, ते त्यांनी वर्षभराने सांगितलं. तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले असते तर संध्याकाळी डबा मीच खाली नेत असे, मला दिसले असते. म्हणून माती. फुटक्या भांड्याची त्यांना ठाऊक असलेली जागा. आणि मग दोन दिवसांनी मी मावशींना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या. त्या वेळी सांगायला तोंड उघडणं किती कठीण गेलं असेल हे मला कळतं, आणि मावशींचं नळ बंद करून वळणं आठवलं की ते कळणं मला पुरत नाही. आई बोलल्या नाहीत हे खरंच. मी त्या घराला असं केलं होतं की तिथे एक म्हातारी बाई कप फुटल्याचं सांगायला घाबरली, हेही खरंच. ह्यातलं कुठलं पुढे ठेवावं, ते मला अजून जमलेलं नाही.

आणखी एक गोष्ट त्या चौथ्या झाडाच्या रात्री लक्षात आली, आणि झोप गेली. माती त्या वर्षाआड बदलत होत्या. म्हणजे तो निळ्या रेघेचा तुकडा आठ वर्षांत निदान दोनदा तरी त्यांच्या हातात आलेला असणार. दर वेळी त्यांनी तो मुळांतून सोडवला, धुतला असेल, बघितला असेल. आणि पुन्हा भोकावर पालथा ठेवला. टाकून देता आला असता. फुलांची बाजू वर, मुळांकडे.

बेगोनिया हे नाव मिशेल बेगाँ नावाच्या एका फ्रेंच अधिकाऱ्याचं. सतराव्या शतकाच्या अखेरीस कॅरिबियन बेटांवर झाडं शोधत हिंडणाऱ्या शार्ल प्ल्युमिए ह्या साधूने आपल्या आश्रयदात्याचं नाव ह्या झाडाला दिलं, आणि १७५३ मध्ये लिनियस ह्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते कायम केलं. प्ल्युमिएचं स्वतःचं नाव आपल्या चाफ्याला मिळालं, सोसायटीच्या फाटकाशी आहे त्या पांढऱ्या चाफ्याला. जगभर दोन हजारांवर जातींचे बेगोनिया, त्यांतले कितीतरी आसामच्या, अरुणाचलाच्या जंगलांतले, आपल्या कातळांवरचे, आणि सगळ्यांवर त्या एका माणसाचं नाव. एकदा लागलेलं नाव किती पक्कं बसतं. माझ्याही मनात एका कपावर एका बाईचं नाव असंच लागलं होतं, आणि ते कुणी पुसायला आलं नाही.

कुजलेल्या झाडाची दोन पानं अजून टणक होती. ती कापून घेतली. पान उलटं करून खालच्या जाड शिरांना ब्लेडने बारीक चिरा दिल्या, ओल्या वाळूवर सपाट ठेवलं, शिरा वाळूला टेकाव्यात म्हणून खडे ठेवले आणि वर मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण. रोज सकाळी झाकण उचलून आतलं दव पुसायचं. तीन आठवडे काही दिसलं नाही. पाचव्या आठवड्यात एका चिरेपाशी तांदळाच्या दाण्याएवढं पान उभं होतं. एवढं लहान असूनही एक बाजू मोठी, एक लहान.

आईंचा फोन दर रविवारी येतो. त्यांना झाडं बघायची असतात म्हणून व्हिडिओवर. ह्या वेळी मी कॅमेरा उंच बेगोनियाकडे वळवला. माती बदलल्यावर दहाएक पानं गळाली होती, ती गळतातच. पण शेंड्याला नवी पालवी होती आणि खाली फुलांचा घोस लोंबत होता. नर फुलं आधी उमलून गळून जातात. आता तीन पंखांची छोटी पिशवी असलेली मादी फुलं राहिली होती, ती आठवडेच्या आठवडे राहतात.

“माती बदललीस?” त्या म्हणाल्या.

“हो. एक माप मोठी घेतली.”

“बोट बसलं ना कडेला?”

“बसलं.”

मग नाशिककडून मिक्सरचा आवाज आला, जुळ्यांपैकी एक रडलं, कुणीतरी त्याला उचललं. आई स्क्रीनच्या अगदी जवळ आल्या. त्यांचं फक्त कपाळ आणि चष्मा दिसत होता.

“तळाला खापरी?”

“पहिल्या वेळी पणतीची ठेवली होती,” मी म्हटलं. “काल परत काढून तुमचीच ठेवली. होती ती.”

हे खरं होतं. आदल्या दिवशी मी दोन्ही उंच कुंड्या पुन्हा अलगद आडव्या केल्या होत्या. सहा आठवड्यांत झाडाला दुसऱ्यांदा हलवणं अगदी चूक आहे, आणि ते मी केलं. साड्यांखालचा तुकडा आणि ते बूड, दोन्ही भोकांवर पालथे.

आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, “आठ दिवस उन्हात नको ठेवूस. आणि पाणी बेतानं घाल गं.”

“हो आई.”

“बेतानं,” त्या पुन्हा म्हणाल्या.

मावशींच्याच गल्लीत राहणाऱ्या एक ताई आमच्या तिसऱ्या मजल्यावर कामाला येतात. फांदीला पेल्यातल्या पाण्यात मुळं फुटून ती चार इंची कुंडीत लावली त्या आठवड्यात मी त्यांना लिफ्टपाशी थांबवलं. मावशी आता एका मेसमध्ये पोळ्या करतात, बऱ्या आहेत, मुलीचं लग्न झालं. मी म्हटलं, त्यांना सांगाल का, कप सापडला म्हणून. एवढंच सांगा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, बरं म्हणाल्या आणि वर गेल्या. तो आठवडा मी रोज पाण्याची झारी घेऊन बाल्कनीत जायचे, मातीत बोट घालून बघायचे, ओली असायची, आणि झारी तशीच परत आणायचे.

सोमवारी त्या पुन्हा लिफ्टपाशी भेटल्या.

“सांगितलं,” त्या म्हणाल्या. “तर ती म्हणली, कुठला कप?”

लिफ्ट आली, दार उघडलं. त्या आत गेल्या नाहीत. पिशवी खांद्यावर सरकवून त्यांनी फोन बाहेर काढला.

“नंबर घ्या की ताई. तुम्हीच सांगा.”